शाळेच्या बसमधल्या पोलीसबाई

खरं सांगते, नातीला भरवताना मी म्हणायचे, "खा पटापट, नाहीतर पोलीस धरून नेईल." आमच्याकडे बहुतेक आज्या म्हणतातच. मस्कतला मुलाकडे राहायला आले, तरी जिभेची सवय कुठली सुटायला!

एक दिवस वादी कबीरच्या तिच्या शाळेतून फोन आला. सून ऑफिसात, म्हणून मीच गेले. बसमध्ये एकटं राहिलं तर हॉर्न कसा दाबायचा, हे मुलांना शिकवायला दोघी पोलीसबाई आल्या होत्या. एक नवी, शिकाऊ. दुसरी तिची साहेबीण, हातात कागद घेऊन तिचं काम तपासणारी. गणवेश पाहून आमची पोरगी जी शेवटच्या सीटखाली शिरली, ती बाहेर येईना.

मी चढले तेव्हा शिकाऊ बाईनं तिचा दंड धरायला हात घातलाच होता. दारातून साहेबीण एवढंच म्हणाली, "ला." म्हणजे नको. हात लगेच मागे. मग ती शिकाऊ बाई, त्या कडक इस्त्रीच्या कपड्यांत, बसच्या धुळीत फतकल मारून बसली. टोपी काढून बाजूला ठेवली. आणि वाट बघत राहिली.

मलाच धीर धरवेना. "ये गं बाहेर, नाहीतर पोलीस..."

"आजी! पोलीस इथेच आहे!" सीटखालून आवाज.

साहेबिणीला हिंदी छान येत होतं. "अम्मा, ये डर किसने डाला?"

मी बोट स्वतःकडे केलं.

"कल ये कहीं खो गई, तो भागकर किसके पास जाएगी?"

हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

किती वेळ गेला कोण जाणे, पण कुणी घाई केली नाही. मग सीटखालून बारीक प्रश्न, "यू विल टेक मी?"

"नो," शिकाऊ बाई म्हणाली, "यू टेक मी." आणि तळवा नुसता पुढे ठेवला.

पोरीनं तिचं बोट धरलं आणि म्हातारीला उतरवावं तसं तिला सांभाळून खाली उतरवलं.

खाली साहेबिणीनं शिकाऊ बाईला अरबीत काही विचारलं. मी टकमक बघतेय म्हणून मलाही सांगितलं, "पूछा, गलती कहाँ हुई. बोली, पहले हाथ डाला." सबब नाही, काही नाही. माझी सत्तरी उलटली, पण चारचौघांत असं सरळ मला कधी सांगता आलं नाही.

मी म्हटलं, "मॅडम, मेरी गलती लिखो, इसकी नहीं."

"अम्मा, ये इसका पेपर है. आपका घर पे होगा."

हसत होती, पण बजावतही होती.