दात घासायची जागा

“बरं, पण घासताना तू उभी कुठे राहतेस?” आमच्या दवाखान्यातल्या काकू दातांना तारा लावलेल्या प्रत्येक मुलाला आधी हे विचारायच्या. मराठी पोर असेल तर मराठीत, नाहीतर हिंदीत. किती वेळा घासतोस, पेस्ट कोणती, हे प्रश्न माझे. मी दातांची डॉक्टर, त्या माझ्या मदतनीस. पोरं कुठे उभी राहतात याच्याशी आपल्याला काय करायचंय, असं मला बरीच वर्षं वाटत असे.

काकू झाशीतल्या जुन्या मराठी घरातल्या. हिंदी बोलणाऱ्या पेशंटांना ‘काकू’ हे त्यांचं नावच वाटे, त्यामुळे सत्तरीचे आजोबाही अदबीने “काकूजी” म्हणत. काकूंनी कधी कुणाला दुरुस्त केलं नाही.

तारा लावलेलं तोंड स्वच्छ ठेवणं किती किचकट, हे ज्यांच्या घरी असं पोर आहे त्यांना सांगायला नको. अन्न अडकतं, चिकट थर चढतो, हिरड्या सुजतात. काकू मुलांच्या दातांना गुलाबी औषध लावत. जिथे थर, तिथे रंग बसे. पोरं आरशात बघून किंचाळत. मग त्यांच्या हातात ब्रश देऊन काकू बाजूला होत. “घास आता. माझा हात लागणार नाही. तोंड तुझं आहे.”

प्रेमनगरहून दहावीतली एक मुलगी यायची. तारा लावून आठ महिने झाले आणि तिच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. थर एवढा, की दातांवर कायमचे पांढरे डाग पडायची भीती. आई शपथेवर सांगे, “डॉक्टर साहब, रोज करती है. मैं खुद देखती हूँ, ब्रश गीला रहता है.” मी वैतागले. तारा काढून टाकू या, म्हणाले. मध्येच काढल्या तर दात वाकडेच राहणार आणि घरचे तिला पुन्हा आणणार नाहीत, हे मलाही ठाऊक होतं. मुलगी मान खाली घालून बसली.

“बेटा, खड़ी कहाँ होती हो?” काकूंनी विचारलं.

मग हळूच, “आँगन के नल पे.”

“और कौन रहता है वहाँ?”

“सब भैया लोग.”

मग एकेक बाहेर आलं. एकत्र कुटुंब, अंगणात एकच नळ, सकाळी चुलतभावांची गर्दी. हिने तोंड उघडायचा अवकाश, की “टीन का डिब्बा खुल गया!” बिचारी नळाखाली नुसता ब्रश ओला करायची आणि आत पळायची. मी मात्र तिच्या कागदावर ‘आळशी’ असा शेरा मारून मोकळी झाले होते. मला माझीच लाज वाटली.

“डॉक्टर, एक महिना द्या मला,” काकू म्हणाल्या. त्यांनी एरवी कधी काही मागितलं नव्हतं. मला नाही म्हणवलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मुलगी शाळेआधी दवाखान्यात येऊ लागली. काकू तिच्यासाठी लवकर येऊन कुलूप उघडत, तिला आतल्या बेसिनपाशी सोडत आणि स्वतः बाहेर पाठ करून बसत. एकदा मी डोकावायला गेले तर मलाच दटावलं, “तुम्हालाही त्या भैया लोकांत बसायचंय का?”

महिन्याभराने गुलाबी रंग जेमतेम दोन दाढांवर उरला. आणखी काही महिन्यांनी मुलगी आपण होऊन म्हणाली, आता घरीच करीन.

“और भैया लोग?”

“बोलने दो.”

त्या दिवशी काकू उगाचच माझ्यावर डाफरत राहिल्या. फार आनंद झाला की त्यांचं असंच होई.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर काकू गेल्या. चार दिवसांचा ताप, एवढंच निमित्त. कित्येक दिवस मी अवजारासाठी हात पुढे करायची आणि हात तसाच राहायचा.

त्यानंतर ती मुलगी प्रथमच आली, ती तारा काढून घ्यायला. तिला काही माहीत नव्हतं. काम संपलं तशी ती खुर्चीतून उठली, ओठ घट्ट मिटून घेतले आणि मिटल्या ओठांनीच कशीबशी म्हणाली, “पहले काकूजी को दिखाऊँगी.”

सकाळपासून घोकलेलं वाक्य मी विसरले. “काकू नहीं रहीं, बेटा,” एवढंच बोलले.

ती तिथेच, सगळ्या पेशंटांसमोर, लहान मूल रडतं तशी तोंड उघडं टाकून रडली. लोक बघत होते. तिने तोंडावर हात ठेवला नाही. मी समोर उभी राहून तिचे दात बघत होते. एकावरही डाग नव्हता.