दात न बघता

आता शिकलेल्या बाईच्या हातून असं व्हावं का, हे तुम्हीच ठरवा. मी आपलं झालं तसं सांगते.

मी बेल्ह्याला सासरी बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करते. कंपनीने स्वतःची एक छोटीशी प्रोग्रॅमिंग भाषा बनवलीय. त्या भाषेतलं लिखाण वाचणारा प्रोग्रॅम, म्हणजे पार्सर, शब्दाशब्दाला अडायचा. हा शब्द भाषेचा राखीव, की गिऱ्हाइकाने ठेवलेलं एखादं नाव? हे ठरवायला तो साठच्या साठ राखीव शब्दांशी एकेक करून ताडून बघायचा. रेशनच्या यादीत आपण आपलं नाव शोधतो, तसं.

हे वेगवान करायचं काम माझ्याकडे. दुपारी एकला कंपनीतल्या सरांना ऑनलाइन दाखवायचं. आणि मी कोण? गॅस बंद केला का बघायला फाटकातून तीनदा परत येणारी बाई.

पण युक्ती सुचली हो. शब्दाचं पहिलं अक्षर बघायचं, लांबी मोजायची, की थेट कप्पा. कप्प्यात एकच राखीव शब्द. मिळाला, चला पुढे. पार्सर असा पळायला लागला की मलाच धाकधूक. साठही राखीव शब्द घालून बघितले, सगळे बरोबर. सरांना कळवूनही टाकलं, "दहापट वेग."

त्याच तोऱ्यात बाराला, तोंडाला स्कार्फ गुंडाळून, स्कूटीवरून अंगणवाडीत गेले. आमच्या चार वर्षांच्या सईला आणायला. थंडीचे दिवस. मागच्या बाजारात एका टोपीवाल्याने लाल माकडटोप्यांचा ढीग आणला होता, त्यामुळे निम्म्या गावाची पोरं लाल. दारात एक लाल टोपी उभी, माझ्या कमरेएवढी. उचलली, गाडीवर पुढे उभी केली, निघाले. डोक्यात सर.

"काय शिकवलं गं आज?"

टोपी गप्प. सई आणि गप्प? तिथेच शंका यायला हवी होती. मला वाटलं, गारठली असेल.

घरी सासूबाईंनी टोपी काढली आणि त्यांचा हात तसाच राहिला. "अगं बया, ही तांबोळ्यांची सानिया."

सानिया म्हणाली, "परत गाडीवर बसू?"

अण्णा, म्हणजे माझे सासरे, बैलांचे व्यापारी. बाजारातून जेवायला आलेले. भाकरी मोडता मोडता त्यांनी विचारलं, "काय बघून उचलली?"

"टोपी. आणि उंची."

"आगं, रंग अन् उंची बघून आमी नुसतं बैलाम्होरं उभं ऱ्हातो. कासरा हातात घ्यायच्या आदी दात बघाया लागत्यात. तू तर दात न बघताच बैल घरी आणला."

सानियाला घेऊन तशीच परत सुटले. पंचायतीच्या वळणावर करकचून ब्रेक दाबला. माझ्या पार्सरने तरी दात कुठे बघितले होते? पहिलं अक्षर आणि लांबी, म्हणजे टोपी आणि उंचीच की! कप्प्यातला शब्द समोरच्याशी पूर्ण जुळतो का, हे मी विचारलंच नव्हतं. राखीव 'व्हाइल' आणि गिऱ्हाइकाचा गहू, 'व्हीट'. इंग्रजीत लिहिले की दोघांची अक्षरं पाच, पहिलं डब्ल्यू. माझा पार्सर गव्हालाही खुशाल राखीव म्हणणार, आणि तेही सरांसमोर.

अंगणवाडीत सई खिचडी खात बसलेली. दारात तांबोळीभाभी घाबऱ्याघुबऱ्या. सेविकाबाई त्यांना समजावत होत्या, "आवं भाभी, तुमीच नाय का आत्ता नेली? ह्योच स्कार्फ, हीच पांढरी गाडी."

मी सानियाला खाली उतरवलं. भाभींनी तिला छातीशी धरलं, मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "म्हंजे माझी पोर मीच नेली, अन् मलाच पत्ता नाय."

एकच्या आत ती राहिलेली तपासणी घातली. वेग आठपटीवर आला.

सरांनी विचारलं, "दोनपट गेली कुठे?"

"सर, दात बघण्यात." तोंडातून निघून गेलं.

दुसऱ्या दिवशी स्कार्फ बांधून पुन्हा अंगणवाडीत. सईपुढे हात केले, तर ती जागची हलेना. अण्णांच्या मांडीवर वाढलेली पोर ती.

"आदी दात दाखव."

काय करता? स्कार्फ सोडला, दाखवले. तिने खालचे-वरचे नीट बघितले आणि वळून सेविकाबाईंना सांगितलं, "चालंल. आमचीच हाय."