गजावरचा लाल दोरा

आमच्या घरी खंडेनवमीला कोयते, विळे, पावडी यांच्यासोबत एक ठासणीची बंदूकही पूजेला मांडत. आजोबांपासूनची, परवान्याची. गास गावातल्या आमच्या वाडीत संध्याकाळी वटवाघळं चिकूंवर उतरत, त्यांना हुसकवायला ती लागायची.

बाकीच्या घरांत त्या दिवशी मुलांना गोडधोड मिळायचं. आम्हा भावंडांना आधी धडा मिळायचा. बाबा अंगणात बंदूक आभाळाकडे तोंड करून उभी धरत आणि दारू ठासायचा लोखंडी गज आमच्यापैकी एकाच्या हातात देत. गजावर त्यांनी लाल दोरा गुंडाळला होता. नळी रिकामी असली की गज तळाला टेके आणि दोरा बरोबर नळीच्या तोंडाशी येई. आत बार असला तर दोरा वरच राही. गज बाजूला उभं राहून सोडायचा, नळीवर वाकायचं नाही, आणि एरवी बंदुकीला बोट लावायचं नाही.

"मोठी मानसं काय सांगतात ते ऐकू नुको. दोरा बघ," बाबा म्हणत.

मग धाकट्या काकांची गोष्ट. हे काका आम्ही पाहिलेच नव्हते. बाबा लहान असताना अशाच एका खंडेनवमीला आजोबा म्हणाले होते, "रिकामी हाय, काल मीच केली." म्हणून बाबांनी ती पूजेतून उचलली आणि समोर बसलेल्या धाकट्या भावावर गंमत म्हणून नेम धरला. बाबा दर वर्षी एवढंच सांगत. आवाज चढवत नसत, पण सांगून झालं की पाणी मागत. आजोबांविषयी ते कधी चांगलं बोलले नाहीत. आजोबांच्या फोटोला हार आईच घालायची.

खरं सांगायचं तर मला या धड्याचा कंटाळा यायचा. आत नैवेद्याचं ताट तयार असायचं आणि आम्ही आपले अंगणात दोरा बघत उभे.

मी आठवीत होते त्या वर्षी मात्र सगळीच गडबड झाली. आदल्या संध्याकाळी बाबा बंदूक घेऊन वाडीत असतानाच केळी न्यायला टेम्पो आला, आणि बंदूक घरात टेकवून ते घड चढवायला धावले. सकाळी पूजेला उशीर झालेला. बंदूक हळदकुंकू लावून पाटावर आडवी, आणि तिच्या समोरच धाकटा भाऊ झेंडूची फुलं घेऊन बसलेला.

मी गज मागितला.

"ऱ्हाऊ दे आज," बाबा म्हणाले. "रिकामी हाय, काल मीच केली."

ते वाक्य मी दर वर्षी ऐकलेलं होतं. बाबांना उलट बोलायची आमच्या घरात पद्धत नव्हती, तरी मी भावाला दंडाला धरून बाजूला ओढलं आणि म्हटलं, "बाबा, दोरा बघू या."

ते चिडले. पण बंदूक अंगणात आणून त्यांनी उभी धरली. मी गज सोडला. तो मध्येच टेकला आणि दोरा चांगला वीतभर वर राहिला.

बाबांनी गज बाहेर काढला. मग वाडीच्या टोकाला जाऊन त्यांनी बांधाच्या मातीत बार काढला. आवाजाने चिकूवरचे कावळे उडाले. आईने भावाला इतकं घट्ट धरलं की तो रडायला लागला. मलाही रडू आलं, आणि बाबांचा राग आला. इतका राग मला त्यांचा पुन्हा कधी आला नाही.

परत आल्यावर ते ओटीवर बसले. आईने दिलेलं पाणी तसंच राहिलं.

"मना खरंच वाटलं होतं, रिकामी हाय," ते म्हणाले. मग आजोबांच्या फोटोकडे बघून म्हणाले, "त्यालापन खरंच वाटलं असंल."

त्या वर्षी बंदूक परत पूजेत मांडली नाही. तिच्यासाठी केलेला झेंडूचा हार बाबांनी उचलला आणि आजोबांच्या फोटोला घातला.