टाकीच्या कोपऱ्यातलं पाणी

तंजावरला कॉलेजात असताना एकदा मित्राबरोबर त्याच्या समुद्रकाठच्या गावी गेलो होतो. खाडीत एक लहान शिडाची बोट होती. तिला नुकतंच डिझेल इंजिन बसवलं होतं. तिची टाकी साफ करणाऱ्या मेस्त्रीचं नाव विचारायचं मला सुचलं नाही. टाकीखालची तोटी उघडून तो थोडं डिझेल काचेच्या बाटलीत घ्यायचा, बाटली उन्हात धरायचा आणि थांबायचा. डिझेलमधलं पाणी तळाशी बसतं हे मी परीक्षेत लिहिलं होतं, पाहिलं मात्र तेव्हाच.

"स्वच्छ आहे की. भरती निघून चालली," काठावरून मालक म्हणाला. त्याचाच मुलगा बोट नेणार होता.

मेस्त्रीने तोटी बंद केली. मला म्हणाला, "कॉलेज तंबी, त्या कडेला उभा राहा. तुझं वजन तरी उपयोगी पडू दे."

तंबी म्हणजे धाकटा भाऊ. मी आणि मित्र कडेला गेलो. बोट थोडी कलली आणि टाकीच्या कोपऱ्यात साचलेलं तोटीकडे सरकलं. या खेपेला बाटलीत इंचभर गढूळ पाणी आलं.

"वारा पडला की तुमचा पोरगा इंजिनावरच घरी येणार," तो मालकाला शांतपणे म्हणाला.

मालकाने चपला काढल्या आणि बोटीवर येऊन तो आमच्या शेजारी उभा राहिला.