जोडीच्या खुणा

ज्या रिंगेने एका माणसाचे मनगट मोडले, ती चुकीच्या चाकावर मी ठेवली होती. सहा वर्षे हे मी कोणालाही सांगितले नाही. ती बरोबर आहे असे मी अपघातापूर्वी एकदा सांगितले आणि अपघातानंतर पुन्हा एकदा. पहिल्या वेळी आपण खोटे बोलत आहोत हे मला अर्धवट कळत होते. दुसऱ्या वेळी पुरते.

ट्रक माझा आणि माझ्या थोरल्या चुलतभावाचा. लांब नाकाचा, लष्कराच्या लिलावातून सुटलेला आणि पुढे कित्येक वर्षे खाणीतला दगड वाहून थकलेला. बिर्लानगरात, बंद पडलेल्या गिरणीच्या भिंतीला लागून, आम्ही त्याच्यासाठी पत्र्याची शेड भाड्याने घेतली होती. दादा बँकेतून निवृत्त झाला होता. मी नगररचनेच्या कार्यालयात आराखडे काढतो. आमचे पूर्वज दख्खनेतून इथे उत्तरेत येऊन शिंद्यांच्या दरबाराच्या दफ्तरात बसले. दादाच्या आवाजात तो दरबार अजून भरतो. माझा आवाज लहान आहे, आणि लोक त्याला सौजन्य समजतात. मीही बराच काळ तसेच समजत होतो.

शेडसमोर, रस्त्यापलीकडे, टायरवाल्यांच्या दुकानांची रांग आहे. त्यांतले सर्वांत जुने मिस्त्री मराठी. त्यांचे पणजोबा शिंदेशाहीच्या फौजेत आले होते. साठीतले, बोलायला फटकळ, कामाला सावकाश. दादाचे आणि त्यांचे पहिल्या रविवारपासून पटले नाही.

“मिस्त्री, हात जरा जलद चालू द्या,” दादा म्हणे. “चाक उघडायचंय, सत्यनारायण नाही घालायचा.”

“घाई असेल तर बैलगाडी घ्या, साहेब. तिच्यात हवा भरावी लागत नाही.”

“पूजा नको म्हटलं तर दक्षिणेआधी प्रवचन!”

मिस्त्री टायर उचकटायची टॉमी उचलून आणखी सावकाश काम करत.

असल्या जुन्या ट्रकचे चाक आजच्यासारखे एकसंध नसते. टायर चढवला की त्याला जागेवर धरण्यासाठी चाकाच्या खाचेत एके ठिकाणी कापलेली पोलादी रिंग बसवावी लागते, आणि हवा भरली की सगळा जोर त्या रिंगेवर येतो. दुसऱ्या चाकाची रिंग दिसायला नीट बसते, पण धरत नाही. आमच्या ट्रकची चाके वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या ठिकाणांहून जमवलेली. म्हणून मिस्त्रींनी सहाही चाके उघडताना छिन्नीने खुणा केल्या होत्या. पहिल्या चाकावर आणि त्याच्या रिंगेवर एक घाव, दुसऱ्या जोडीवर दोन, असे सहापर्यंत. “रंग कोणता पण लावा,” ते मला म्हणाले होते, “जोडी तोडू नका. बस.”

हिवाळ्यात जुन्या वाहनांचे संचलन निघायचे होते आणि आमचा ट्रक बाड्यावरून, शहराच्या मुख्य चौकातून, जायचा होता. मे महिन्यात मी चाके रंगवायला घेतली. आराखड्यावरची आगंतुक रेघ मला खपत नाही. त्या घावांनी गुळगुळीत पोलाद विद्रूप केले आहे असे मला वाटले. मी ग्राइंडरने ते सगळे घासून काढले. रिंगा ज्याच्या त्या चाकाशेजारी मांडल्या होत्या, तेव्हा क्रम लक्षात राहील, असा हिशेब. त्या वाळत असतानाच आंधी आली. ओल्या रंगावर धूळ बसेल म्हणून मी दोन-दोन रिंगा उचलून आत नेल्या. वारा थांबला तेव्हा सहा रिंगा भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि कोणती कुठली, हे मला सांगता येत नव्हते.

त्याच वेळी मिस्त्रींकडे गेलो असतो तर त्यांनी शिव्या दिल्या असत्या, एक-एक रिंग खाचेत फिरवून पाहिली असती, आणि दादाने आठवडाभर माझी टिंगल केली असती. एवढेच झाले असते. मी नजरेच्या अंदाजाने जोड्या लावल्या.

टायर चढवायच्या दिवशी मिस्त्रींनी विचारले, “साहेब, खुणा कुठे गेल्या?”

“रंगाखाली आहेत,” मी म्हणालो. “जोड्या मी लावूनच ठेवल्यात.”

त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि मान डोलावली. माझ्या काटेकोरपणावर त्यांचा विश्वास होता.

हवा भरताना चौथ्या चाकाची रिंग सुटली. मिस्त्रींनी चाकाभोवती साखळी आवळलेली होती म्हणून डोके वाचले. पण रिंगेचे एक टोक साखळीतून निसटून त्यांच्या उजव्या मनगटावर बसले. आवाजाने रांगेतली सगळी माणसे धावली. दादा घाबरला होता, आणि दादा घाबरला की ओरडतो.

“साखळी बांधली आणि डोळे घरी ठेवून आले! या माणसाला कोणी हात लावू देऊ नका आपल्या गाडीला. आज स्वतःचा हात गेला, उद्या दुसऱ्याचं मुंडकं जाईल!” हेच त्याने हिंदीतही सांगितले, म्हणजे कोणी वंचित राहू नये.

मिस्त्री जमिनीवर बसून हात छातीशी धरून म्हणाले, “जोड्या साहेबांनी लावल्या होत्या. त्यांना विचारा.”

दादा माझ्याकडे वळला. “तू नीट लावल्या होत्यास ना?”

“हो,” मी म्हणालो. “लावल्या होत्या.”

मनगट सांधले, पण बोटे पुरती मिटेनात. तरी हातावाचून त्यांचे अडले नसते. देखरेख करून, दुसऱ्याकडून करवून घेऊन ते धंदा चालवू शकले असते. पण ज्याची रिंग उडाली, त्याच्याकडे ट्रकवाले फिरकत नाहीत. वर्षभरात दुकान गेले. मिस्त्री टोपी बाजारातल्या एका गोदामावर चौकीदार झाले. आमचा ट्रक संचलनात गेला, त्याच्या चाकांची तारीफ झाली. जुन्या गाड्यांचे शौकीन जमले की दादा मिस्त्रींची नक्कल करून तो प्रसंग सांगे. लोक हसत. मी चहा ओतत असे.

दर दिवाळीला मी मिठाईचा डबा घेऊन मिस्त्रींच्या घरी जात असे. त्याला मी मनात काय म्हणत होतो ते आता लिहवत नाही. गेल्या दिवाळीला त्यांनी डबा मांडीवर ठेवला आणि सहज म्हणाले, “साहेब, मी पुष्कळ विचार केला. तुम्ही जोड्या बरोबरच लावल्या असणार. उचलताना मीच बदलली असेन. उमर झाली होती, डोळे दगा देऊन गेले.”

त्यांनी माझ्यावर संशय घेतला असता तर मी कदाचित आणखी सहा वर्षे गप्प बसलो असतो. पण माझे खोटे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांवर घेतले होते. मी खालच्या आवाजात सगळे सांगितले: ग्राइंडर, आंधी, अंदाज.

मग त्यांच्या पत्नी आतून आल्या, डबा उचलून त्यांनी उंबऱ्याबाहेर ठेवला. “सहा साल मी या माणसाला फराळ वाढला,” त्या नवऱ्याला म्हणाल्या, माझ्याकडे न पाहता.

मी हात जोडले. मिस्त्री म्हणाले, “इथे नको. इथे तर कोणीच मला आंधळा म्हटलं नव्हतं. जिथे तुमच्या दादाने म्हटलं, तिथे बोला. दादा समोर पाहिजे. आणि कानात बोलल्यासारखं नाही.”

रविवारी सकाळी मी दादाला शेडमध्ये सांगितले. तो लाल झाला. “आता? लोकांपुढे? मला खोटा पाडणार तू?”

“खोटा मी होतो, दादा.”

“मग घरात रड! रस्त्यावर तमाशा कशाला? माझं नाक कापून घेतोयस, त्या टायरवाल्यासाठी!”

“तू त्यांना रस्त्यावरच बोलला होतास.”

“पुन्हा या शेडमध्ये पाऊल ठेवू नकोस,” तो म्हणाला. पण मी रस्ता ओलांडला तेव्हा मागोमाग आला, मला अडवायला.

ठरल्याप्रमाणे मिस्त्री आधीच येऊन उभे होते. रांगेतले लोक कामे टाकून जमले, कोणी कुत्सित हसत, कोणी वैतागून. “क्या हुआ, पंडितजी, फिर टायर फटा?” एकाने विचारले. मी हिंदीत सुरुवात केली. एका दुकानातला कॉम्प्रेसर धडधडत होता, कोणी तरी “जोर से!” म्हणून ओरडले, आणि मला पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागले. खुणा मी पुसल्या, रिंगांची अदलाबदल माझ्या हातून झाली, विचारल्यावर दोनदा खोटे बोललो. दादाने माझा दंड धरून ओढला. मी हललो नाही. मग मिस्त्रींकडे वळून मी मराठीत म्हणालो, “माझं चुकलं, मिस्त्री.”

“हे पण त्यांना समजू द्या,” ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर क्षमेची खूण नव्हती, आणि ती मागण्याचा मला अधिकारही नव्हता. तरी मी जमलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, “मिस्त्रीजी की नजर में कोई खोट नहीं थी. रिंग मैंने बदली, झूठ मैंने बोला, इनकी रोजी मैंने छीनी. मिस्त्रीजी, मुझे माफ कर दीजिए.”