पडद्यावरची मावशी

तो सिनेमा टीव्हीवर लागला की मी उठून चॅनल बदलते. पोरं ओरडतात, नवरा म्हणतो, अगं असू दे ना, कॉमेडी आहे. कॉमेडी आहे हे मलाही कळतं. मला हसता येत नाही असंही कुणी समजू नये. अदलाबदलीचे, वेषांतराचे हिंदी सिनेमे बघतच मी मोठी झाले, आणि एकाला दुसरा समजून तिसऱ्यानंच मार खाल्ला की मी अजूनही पोट धरून हसते. पण हा एक सिनेमा माझ्या घरात लागायचा नाही. त्यात ज्या बाईला लोक हसतात ती माझी आई आहे.

आई लोणावळ्याजवळच्या कुरवंडे गावची. लोणावळ्याला एका बंगल्यावर तिनं हयात घालवली. बंगला मुंबईच्या शेठचा, शनिवार-रविवार पाहुण्यांना भाड्यानं द्यायचा. झाडलोट, स्वयंपाक सगळं आई बघते आणि सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या तिच्या कमरेला असतात. पाहुणे काय काय विसरून जातात! चष्मे, घड्याळं, अंगठ्या, एकदा तर सोन्याची साखळी. आई सगळं एका डब्यात घालून ठेवते आणि शेठला फोन करून ज्याचं त्याला पोचवते. इतक्या वर्षांत त्या बंगल्यातून चमचासुद्धा इकडचा तिकडे झाला नाही, हे शेठ स्वतः चारचौघांत सांगायचे.

ती नेसायची लुगडं. गावात तिच्या वयाच्या बायका केव्हाच गोल साडीवर आल्या, पण चिखलात, चढावर, जिन्यावर तिला दुसरं काही सोसायचं नाही. आणि ती लंगडते. माझ्या वेळी पोटुशी असताना कारवीच्या काटक्यांचा भारा घेऊन नागफणीच्या डोंगरउतारावर घसरली, पाय मोडला आणि वाकडाच जुळला. तेव्हापासून डावं पाऊल टाकताना ती कंबरेवर हात ठेवते आणि अंग जरासं उजवीकडे झोकते. मला ते लंगडणं वाटतच नाही. लहानपणी पायवाटेवर लांबून बाया येताना दिसल्या की त्या झोकावरूनच मी आईला ओळखायची आणि धावत सुटायची.

तर त्या बंगल्यावर शूटिंग आलं. सिनेमाची गोष्ट अशी की एकाच नावाचे दोन तरुण एकाच दिवशी एका बंगल्यावर येतात. एक मुलगी बघायला आलेला, दुसरा चोर. घरचे चोराला जावई समजतात आणि जावयाला चोर. मग तो खरा जावई, म्हणजे हीरो, जीव वाचवायला त्या बंगल्यातली कामवाली मावशी बनतो. हीरोचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर त्याचीच आणखी जाहिरात व्हायची.

पहिल्याच दिवशी हा स्वयंपाकघरात आला आणि आईच्या पाया पडला. "मौसी, मुझे आपके जैसा पहनना सिखाओ." आई हरखून गेली. एवढा मोठा नट आपल्या पाया पडतो म्हटल्यावर कोण हरखणार नाही? तिनं त्याला व्हरांड्यात उभं करून लुगडं नेसायला शिकवलं. गाठ कुठं मारायची, निऱ्या कशा घ्यायच्या, कासोटा मागं कसा खोचायचा, सगळं पोटच्या पोराला शिकवावं तसं. त्यांच्या कपडेवाल्यांकडचं लुगडं चकचकीत, अंगावर ठरेना. तेव्हा हिनं घरून स्वतःचं आणून दिलं. हिरवं, लाल काठाचं. मामानं भाऊबीजेला घेतलेलं. त्याच्या पुढच्या भाऊबीजेला मामा नव्हता.

मी वडगावला कोर्टाजवळ टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान चालवते. रविवारी तिला भेटायला गेले की तिच्या तोंडात त्या हीरोशिवाय दुसरा विषय नसायचा. "लय गुणाचं पोरगं हाय. निस्तं समोर बसतंय आन् मला म्हनतंय, मौसी पानी. पानी दिलं की पुन्हा मौसी पानी. बिचाऱ्याला लय तहान लागती बघ."

तेव्हा मीही हसले होते.

शूटिंग संपलं, गाड्या गेल्या आणि काही दिवसांनी शेठच्या ड्रायव्हरनं एका प्लास्टिकच्या पिशवीत लुगडं परत आणून दिलं. आईनं ते माझ्यासमोरच उलगडलं. मधोमध कापलेलं होतं. कापून, निऱ्या शिवून टाकून, कमरेला ती चर्रकन उघडणारी चिकटपट्टी लावलेली. म्हणजे व्हरांड्यातली शिकवणी गेली पाण्यात. चड्डी चढवावी तसं त्यांनी ते लुगडं रोज चढवलं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता शेठला फोन लावते. आईनं माझ्या हातातून फोन काढून घेतला.

"असू दी. त्येला घाई आसंल," ती म्हणाली. पण लुगड्याचे दोन्ही तुकडे मांडीवर घेऊन ती बराच वेळ काठावरून हात फिरवत बसली होती.

सिनेमा लागला तेव्हा गावातल्या बायकांनी जीप केली आणि आम्ही तळेगावला थेटरात गेलो. आईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं, मी तिला गजरा दिला होता. जीपमध्ये ती सगळ्यांना सांगत होती की त्येला म्या शिकवलंय, तुमी बघाच.

मध्यंतराच्या आधी ती मावशी पडद्यावर आली. आधी आलं ते पाऊल. डावं पाऊल. मग कंबरेवरचा हात, मग उजवीकडे झोक. छातीला आणि कुल्ल्यांना उशा बांधलेल्या, अंगावर मामाचं लुगडं, आणि माझ्या आईचं चालणं, दुप्पट-चौपट करून. प्रत्येक पावलाला ढोलकीची थाप. थेटर फुटलं. आमच्या ओळीतल्या बायका आईला कोपरानं ढोसत ओरडल्या, "अगं बया, ही तर तूच की!" तेव्हा मला त्या तहानेचा उलगडा झाला. त्याला पाणी नको होतं. पाणी आणायला जाणारी बाई मागून बघायची होती.

आईही हसली. हसणाऱ्यांत बसल्यावर माणूस हसतंच. मग पुढं ती मावशी कपाटातला हार उचलते आणि चोळीत खुपसते. हीरोला तो हार पुरावा म्हणून हवा असतो वगैरे. घरचे येतात, "मौसी चोर है" म्हणून आरडाओरडा होतो, तिची झडती होते, उशा खाली पडतात, पुन्हा थेटर फुटतं. आई हसायची थांबली. तिनं माझा हात धरला.

"चोरी का दावली गं?"

"अगं, ती खोटी मावशी आहे. हीरोच आहे तो."

"ते मला म्हाईत हाय. पर मान्सं मावशीलाच चोर म्हनत्यात ना?"

मी कायम फाडफाड बोलणारी बाई, कोर्टातल्या वकिलांना ऐकवते, पण त्या अंधारात मी नुसता तिचा हात घट्ट धरून ठेवला. सिनेमाच्या शेवटी कोण कोण आहे ते सगळ्यांना कळतं. जावई जावई ठरतो, चोर पकडला जातो, सासरा सगळ्यांची माफी मागतो. त्या बंगल्यात खरी मावशी असते, ती कुठं गेली होती, तिच्यावरचा आळ कुणी पुसला, याबद्दल एक शब्द नाही. लिहिणाऱ्याला आठवलीच नसेल.

त्यानंतर सुरू झालं ते त्याहून वाईट. शेठनं बंगल्याच्या फाटकावर सिनेमाचं पोस्टर लावलं आणि भाडं वाढवलं. पाहुणे गाडीतून उतरायच्या आधीच मोबाइल काढून उभे. "मौसी, वो चाल दिखाओ ना!" आई चहाचा ट्रे घेऊन निघाली की मागून कुणीतरी तोंडानं ढोलकी वाजवायचं. पोरी तिच्या मागे कंबरेवर हात ठेवून चालायच्या आणि रील काढायच्या. मी शेठला फोन केला, ताडताड बोलले. ते म्हणाले, "अहो ताई, रागावता काय? आई फेमस झाली तुमची!" असल्या प्रसिद्धीला काडी लावा, असं मी म्हटलं तेव्हा त्यांनी फोन ठेवला होता.

मी आईला काम सोड म्हटलं. ती म्हणाली, मी का सोडू, म्या काय केलंय? ते खरंच होतं.

मग एका शनिवारी एक बाई आली. चांगली शिकलेली, बोलायला गोड. आईला वर जिना चढताना बघून टाळ्या वाजवल्या आणि कौतुकानं म्हणाली, "आंटी, पिक्चर कितनी बार देखी? बिल्कुल उसकी कॉपी करती हो!"

आईनं हे मला सांगितलं तेव्हा ती रागावलेली नव्हती. तिला ते नीट समजूनच घ्यायचं होतं. "ती म्हनली, मी त्येची नक्कल करती. आता माजा पाय म्या कुनाची नक्कल म्हनून टाकू?" मला रडू कोसळलं आणि त्या बाईचं नाव-गाव माहीत नसल्याचा संताप आला. माहीत असतं तर मी गाडी करून तिच्या दारात गेले असते.

पुढच्या रविवारी गेले तर आई गोल साडीत. बाजारातून दोन आणल्या होत्या, फिक्या रंगाच्या. आणि ती चालत नव्हती, सरकत होती. भिंतीला, खुर्चीला, कठड्याला धरून, कंबरेवरचा हात काढून, अंग ताठ ठेवून. रात्री पाय सुजायचा. मी तेल चोळताना म्हटलं, कशाला हा जाच? ती म्हणाली, आता कुनी हसत न्हाई. खरंच कुणी हसत नव्हतं. पाहुणे शेठला विचारायला लागले होते की ती पिक्चरवाली मावशी कुठं गेली.

यंदा त्या सिनेमाचा दुसरा भाग काढायचं ठरलं, बंगला तोच. शूटिंग सुरू व्हायच्या दिवशी मी दुकान बंद ठेवलं आणि भांडायलाच गेले. काय काय बोलायचं ते एसटीत मनात घोकून ठेवलं होतं, आणि कापलेल्या लुगड्याचे तुकडे पिशवीत घेतले होते. आईनं माझं तोंड बघूनच ओळखलं. म्हणाली, "तू एक शब्द बोलायचा न्हाईस. बोललीस तर माजी शपथ." मी पिशवी मांडीवर घेऊन स्वयंपाकघरात बसून राहिले.

तो आला. हातात कोरं लुगडं. या भागात मावशी लुगडं नेसत असतानाच पकडली जाते असा सीन होता, म्हणून चिकटपट्टी चालणार नव्हती. आई ओट्याला टेकून उभी होती. त्यानं तिच्याकडे सरळ बघितलं आणि ओळखलं नाही. कसा ओळखेल? मागच्या वेळी त्यानं तिचं तोंड बघितलंच नव्हतं.

"वो पुरानी मौसी कहाँ हैं? बहुत अच्छी थीं. मुझे उन्होंने ही सिखाया था."

"वो अब इधर काम नहीं करती," आई म्हणाली.

"अरे! आपको आता है ये पहनाना?"

सारा जन्म लुगड्यात काढलेल्या माझ्या आईनं त्या लुगड्याकडे बघितलं.

"मेरेको नहीं आता, साहेब."

त्यानं मग तिथंच मोबाइलवर बघून नेसायला घेतलं. गाठ सैल, निऱ्या उलट्या, कासोटा खोचला आणि दोन पावलांत सुटून फरशीवर लोळायला लागला. दारात जमलेली माणसं हसली, तोही हसला. आईचा हात आपोआप पुढं आला होता. तिनं तो मागं घेऊन पदराखाली धरला. चहाचं आधण उकळून उतू चाललं होतं, शेगडी चार पावलांवर होती, तरी ती जागची हलली नाही. तो लुगडं गोळा करून बाहेर पडला, त्याचा आवाज फाटकापर्यंत गेला, आणि मगच तिनं डावं पाऊल उचललं.