मामांच्या गालाच्या पेशी

संगमनेरजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी जीवशास्त्र शिकवते. आमच्या प्रयोगशाळेत एक परिचर होते. मुलं त्यांना मामा म्हणायची आणि मुलांचं ऐकून मीही तेच म्हणू लागले. वयानं ते माझ्यापेक्षा बारा-पंधरा वर्षांनी मोठे. मी नोकरीला लागले तेव्हा पदवी माझ्याकडे होती, पण कांद्याचा पापुद्रा न फाटता काचपट्टीवर कसा पसरायचा हे मला मामांनी शिकवलं. "रंग कमी, पानी जास्त, मॅडम. न्हाईतर सगळं निळंच दिसतंय," असं ते म्हणायचे, आणि त्यांनी लावलेल्या काचपट्टीत पेशी खरोखरच विटांच्या भिंतीसारख्या स्वच्छ दिसायच्या.

डिसेंबरात अकरावीचं गालाच्या पेशींचं प्रात्यक्षिक होतं. टूथपिकच्या बोथट टोकानं गालाच्या आतून हलकेच खरवडायचं, काचपट्टीवर पसरायचं, निळ्या रंगाचा थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. वर्गात कुणी आधी तयार होईना. मुली तोंडाला ओढणी लावून हसत होत्या. शेवटी मी मामांना म्हटलं, "मामा, तुम्हीच या. दाखवू या ह्यांना."

मामा स्टुलावर बसले. मी म्हटलं, "आ करा." त्यांनी आ केला, पण जेमतेम दोन बोटं जातील एवढाच.

"अजून मोठा करा की."

"एवढाच हुतोय, मॅडम."

टूथपिक आत घालताना उजेड गालावर पडला आणि मला आतला पांढरा चट्टा दिसला. जाड, खरखरीत, दुधाची साय चिकटल्यासारखा. त्याच्या कडेला लालसर. मी जीवशास्त्राची शिक्षिका. तंबाखू खाणाऱ्याचं तोंड उघडेनासं होणं आणि गालात असा चट्टा असणं, याचा अर्थ काय असू शकतो हे मला माहीत होतं. माझा हात क्षणभर थांबला. मामांनी माझ्याकडे पाहिलं. मुलं बघत होती. आणि मी काय बोलले? "मामांचं तोंड तंबाखू मळून मळून लहान झालंय!" वर्ग हसला. मामाही हसले.

मी चट्टा टाळून दुसऱ्या गालातून खरवडलं. काचपट्टी सुरेख आली. चपट्या, वेड्यावाकड्या कडांच्या पेशी आणि प्रत्येकीच्या मध्ये केंद्रकाचा गडद ठिपका. मुलांनी रांगेनं बघितलं, वहीत आकृत्या काढल्या.

त्यांना बाजूला घेऊन सांगायचं, असं मी त्याच दिवशी ठरवलं होतं. मग आठवलं की बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर आल्या आहेत. बाहेरून परीक्षक येणार, सत्तर-ऐंशी मुलं, आणि सामानाची सगळी व्यवस्था एकट्या मामांच्या डोक्यात. ते दवाखान्याच्या फेऱ्यांत अडकले तर माझं काय होणार? परीक्षा झाली की सांगू, असं मी स्वतःला म्हटलं. हे मी कुणाला फारसं सांगत नाही. लाज वाटली, अवघडल्यासारखं झालं, असंच सांगते. तेही खरं आहे. पण मुख्य कारण माझी सोय हेच होतं.

जानेवारीत मी पेशीविभाजन शिकवलं. फळ्यावर एकीच्या दोन, दोघींच्या चार पेशी काढल्या. "शेजारी जागा नसेल तर चांगली पेशी थांबते," मी सांगत होते. "तिला थांबायचा निरोप कळतो. पण एखादीला तो कळेनासा होतो. ती वाढतच राहते, आणि तिच्या पोटी येणाऱ्याही तशाच. यालाच कर्करोग म्हणतात." मामा मागच्या कपाटापाशी काचपट्ट्या पुसत होते. त्यांचं फडकं थांबलेलं मी पाहिलं. मी फळ्याकडे वळले आणि पुढचा मुद्दा लिहायला घेतला.

परीक्षा झाल्या. मामांनी एकही बाटली इकडची तिकडे होऊ दिली नाही. नंतर उत्तरपत्रिका आल्या, सुट्टी लागली, मी माहेरी गेले. मी विसरले होते असं म्हणता येणार नाही. अधूनमधून आठवायचं आणि मी ते बाजूला सारायचे.

जूनमध्ये कॉलेज उघडलं. दुपारी मामा डबा घेऊन बसले. एरवी भाकरी आणि लसणाचा ठेचा खाणारा हा माणूस दुधात भाकरी कुस्करून ती बोटानं गालाच्या एका बाजूला ढकलत होता. मी उठून त्यांच्यापाशी गेले.

"मामा, उद्याच्या उद्या नगरला मोठ्या दवाखान्यात जा. तोंड दाखवा."

"लई दिवस झालं दुखतंय," ते खाली बघत म्हणाले. "जातो, मॅडम."

गालातला तुकडा तपासायला गेला आणि आठवड्यानं उत्तर आलं, कर्करोगच. पावसाळ्यात ऑपरेशन झालं. उजवा गाल आणि खालच्या जबड्याचा भाग काढावा लागला, मग किरणांच्या शेकाच्या फेऱ्या. दिवाळीनंतर ते घरी आले तेव्हा मी त्यांच्या गावी भेटायला गेले.

त्यांच्या बायकोनं मला दारातच जवळ घेतलं. घरात नेऊन खुर्ची पुसून दिली. "मॅडम, तुमच्यामुळं हाय हा मानूस आज. तुमी सांगितलं म्हनून गेले. मी वर्सभर कानीकपाळी वरडत हुते, माझं न्हाई ऐकलं. रोज प्रार्थनेत तुमचं नाव घेते मी."

मामा कॉटवर बसले होते. चेहऱ्याची एक बाजू आत गेलेली, गळ्याला रुमाल. चहा माझ्या हातात तसाच राहिला. तो कौतुकाचा भार मला पेलवेना.

"बाई, मला डिसेंबरातच दिसलं होतं," मी म्हटलं. "त्यांच्या गालातला चट्टा मी पाहिला होता. मला कळलं होतं. मी बोलले नाही."

बाईंना आधी समजलंच नाही. मग समजलं. त्यांनी पदर सावरला आणि त्या आत गेल्या. आत भांड्यांचाही आवाज येईना.

मामांचं बोलणं आता जड झालं होतं, शब्द नीट फुटत नव्हते. ते सावकाश म्हणाले, "मला ठावं हाय."

"काय?"

"तुमचा हात थांबला हुता. मी बघितलं." त्यांनी रुमालानं ओठ टिपला. "मंग वर्गात तुमी ते सांगितलं, पेशी वाडतात ते. मी लई भ्यालो. पन म्हनलं, मॅडमनी आतून बघितलंय. त्या शिकल्यात. काय असतं तर बोलल्या असत्या. न्हाई बोलल्या, म्हंजी काय नसंल."

मी रडले. मामांनी मला थांबवलं नाही, समजूतही घातली नाही. थोड्या वेळानं म्हणाले, "चहा गार झाला."

त्यांनी पुढं मुदतीआधीच निवृत्ती घेतली. तब्येत बरी आहे, तपासण्यांना वेळेवर जातात, अंगणात कोंबड्या पाळल्या आहेत. मी वर्षातून दोन-तीनदा जाते. मामा फाटकापर्यंत सोडायला येतात. नाताळात करंज्यांचा डबा देतात, तोही स्वतःच्या हातानं. बाई चहा करतात, "बसा" म्हणतात, मुलाबाळांची चौकशी करतात. प्रार्थनेचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, आणि मलाही विचारायचा धीर झालेला नाही.